जिमच्या दारातून परत येणारी माणसं

‘व्यायाम सुरू करायचाय, पण जिममध्ये पाऊल टाकायची लाज वाटते. आणि कसंबसं सुरू केलं तरी महिनाभरही टिकत नाही.’ ही तक्रार घेऊन मुद्दाम समुपदेशकाकडे सहसा कुणी येत नाही. ती दुसऱ्याच एखाद्या विषयाच्या पोटात दडून येते. झोप लागत नाही, चिडचिड होते, कामात लक्ष नाही, असं बोलणं चाललेलं असतं आणि मध्येच माणूस म्हणतो, ‘मला ना, चिकाटीच नाही कशाची.’ कशात चिकाटी नाही, असं विचारलं की बऱ्याचदा उत्तर येतं : व्यायामात.

ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या अशाच आल्या होत्या. वय 47, हिशेब विभागात बसून करायची नोकरी. (त्यांच्या परवानगीने लिहितेय; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विषय होता घरातली चिडचिड. बोलता बोलता आईचं पडणं निघालं. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिला उचलायला गेल्यावर यांना ती उचलवलीच नाही. शेजाऱ्यांना हाक मारावी लागली. आईचं ऑपरेशन नीट झालं, पण ती हाक यांच्या मनातून जाईना. ‘मी तिची मुलगी, आणि मला तिला बसतंसुद्धा करता आलं नाही.’ त्याआधी दोनदा त्यांनी जिमची वर्षाची फी भरली होती आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आतच जाणं सोडलं होतं. घरात त्यावरून चेष्टा होत असे. त्या स्वतःही हसण्यावारी न्यायच्या.

‘का सोडलंत?’ असं मी विचारत नाही. त्याचं उत्तर पाठ केलेलं असतं : आळस. मी विचारते, ‘ज्या दिवशी शेवटचं गेलात, त्या दिवशी नेमकं काय झालं?’

तर झालं होतं ते असं. पहिल्या दिवशी तिथल्या ट्रेनरने उत्साहाच्या भरात भरपूर बैठका, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), वर मशीनवरचे व्यायाम असं सगळं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी अंग आंबलं, जिना उतरताना कठडा धरावा लागला. चार दिवसांनी पुन्हा गेल्या तेव्हा ट्रेनर दुसऱ्या कुणाबरोबर होता. यांनी डंबेल्सच्या रॅकवरून एक जोडी उचलली, आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि आता हिचं करायचं काय, हे आठवेना. मागून एका तरुणाने विचारलं, ‘झालं का तुमचं?’ त्यांनी डंबेल्स जागेवर ठेवले, कपडे बदलायच्या खोलीत गेल्या, बॅग घेतली आणि घरी आल्या. पुन्हा गेल्या नाहीत.

‘झालं का तुमचं?’ या प्रश्नात वावगं काही नाही. जिममध्ये वजनासाठी थांबलेला माणूस दिवसभर हेच विचारत असतो. यांना मात्र त्यात ‘तुमचं इथे काय काम?’ असं ऐकू आलं. हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता, त्यामुळे गोष्ट बारीक आहे असं मला म्हणवलं नाही. ती बारीक नव्हतीच. चिकाटी नसलेली बाई दोनदा वर्षाची फी भरत नाही. पहिल्या दिवशी झेपेल त्यापेक्षा कितीतरी जास्त झालं, आणि नवखेपण चारचौघांत उघडं पडलं. एवढं पुरे असतं.

लोक आपल्याकडे पाहत असतात, ही भावना किती फसवी असते यावर एक प्रयोग आहे, तो मी त्यांना सांगितला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या लोकांचं तरी लक्ष गेलं असेल. प्रत्यक्षात साधारण चौथा हिस्सा लोकांचंच गेलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे चौथा हिस्सा बघतातच की!’ हिशेबाचं माणूस! पण मुद्दा बरोबर होता. माहितीने लाज जात नाही. आल्बर्ट बँडुरा यांनी 1977 साली ‘हे मला जमेल’ या विश्वासाची जी मांडणी केली, तिच्यात सगळ्यात भक्कम आधार सांगितलाय तो स्वतः करून पाहिल्याचा. समजूत, प्रोत्साहन, दुसऱ्याचं उदाहरण ही सगळी त्यामागून येतात. म्हणजे आधी लाज घालवू आणि मग व्यायाम सुरू करू, हा क्रमच उलटा आहे. काहीतरी जमू लागलं की भीड चेपते.

माझ्या खोलीत एक साधी, बिनगादीची खुर्ची आहे. गुडघे, रक्तदाब, चक्कर यांची चौकशी करून मी त्यांना विचारलं, ‘हात छातीवर बांधून, कशाचा आधार न घेता या खुर्चीवरून उठून दाखवता?’ त्या उठल्या, पण पुढे झोका देऊन. आणि बसल्या त्या धपकन. मग मी म्हटलं, बसताना तीन आकडे मोजा. ‘एवढंच? याला व्यायाम म्हणतात?’ असं म्हणत त्यांनी सुरुवात केली. चौथ्या वेळेपर्यंत बोलणं चालू होतं, सहाव्याला थांबलं, आठव्याला मांड्या थरथरायला लागल्या. थांबल्यावर स्वतःच्याच मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘अहो, हे तर खरंच आहे!’ त्या दिवशी घरी न्यायला एवढं पुरेसं होतं : एक खुर्ची, एक आकडा आणि बघणारं कुणी नाही.

यापुढचं माझं क्षेत्र नव्हे. डॉक्टरांकडून रक्तदाब आणि इतर तपासणी, आणि कंबरेचं जुनं दुखणं असल्यामुळे फिजिओथेरपिस्टकडून व्यायामाचा आराखडा, असं ठरलं. आराखडा पाहून त्या हिरमुसल्याच. आठवड्यातून दोन दिवस, घरच्या घरी, अर्धा तास. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, रबरी पट्टा मागे ओढणं, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, आणि दोन्ही हातांत वजन धरून खोलीत चालणं. प्रत्येकाचे दोन सेट, म्हणजे मध्ये थोडं थांबून दोन फेऱ्या. सगळ्यात महत्त्वाची सूचना खाली लिहिलेली : अजून दोन-तीन वेळा जमेल असं वाटत असतानाच थांबायचं. हातचं राखून.

नवख्याला हे पटत नाही. घामाघूम झालो नाही, दुसऱ्या दिवशी दुखलं नाही, म्हणजे फुकट गेलं असं त्याला वाटतं. मोबाइलवरचे ‘आधी आणि नंतर’चे फोटो या समजुतीला खतपाणी घालतात, माझं चाललं तर नवख्यांनी पहिले सहा महिने ते बघूच नयेत. दुखणं हे मोजमाप नाही. सवय नसलेल्या हालचालीनंतर स्नायू एक ते तीन दिवस दुखतात, विशेषतः वजन सावकाश खाली आणण्याच्या कामाने, आणि तेच काम पुन्हा पुन्हा केलं की कमी दुखतात. ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे असतं, हे अजून सर्रास सांगितलं जातं. ते ॲसिड व्यायामानंतर तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं. मात्र पहिल्याच दिवशी अतोनात व्यायाम झाला, स्नायू सुजून प्रचंड दुखू लागले आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर तडक डॉक्टरकडे जायचं. स्नायूंचे तंतू तुटून मूत्रपिंडावर ताण येत असल्याची ती खूण असते. छातीत दुखणं, घेरी, पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या, सांध्यात टोचणारं दुखणं, यांतलं काहीही झालं तर व्यायाम तिथेच थांबवायचा.

मग वजन वाढवायचं कसं? याचं उत्तर बरंच जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांचे कमजोर झालेले पाय वजनं उचलायला लावून बरे करू लागले. रुग्णाला किती वजन दहा वेळा उचलता येतं ते पाहायचं, त्या वजनाला धरून व्यायाम बेतायचा, आणि ताकद वाढली की वजनही वाढवायचं. आज जिममध्ये जे चालतं त्याचा पाया तोच आहे. यांच्या आराखड्यात नियम साधा होता : दोन्ही सेटमध्ये बारा रेप्स, म्हणजे तीच हालचाल बारा वेळा, हातचं राखून जमल्या की एक पायरी वर. आधी जरा बुटकी खुर्ची, मग हातात 2 किलो, मग 3.

मी सांगितलं ते इतकंच की वहीत लिहा. वजन काट्यावरचं नको, मापं नकोत; फक्त काय केलं आणि किती. दुसऱ्या महिन्यात त्यांनी वही आणली. हिशेबनिसाचं अक्षर, आखलेले रकाने. ‘मंगळ. खुर्ची 8, 6. भिंत 10, 9.’ खाली कुठेतरी ‘खुर्ची 12, 12’ आणि त्याच्याभोवती लाल पेनाने काढलेला चौकोन. या सुरुवातीच्या वाढीत स्नायू फारसे जाड झालेले नसतात; मेंदू आणि मज्जातंतू आहे तेच स्नायू जास्त चांगले कामाला लावायला शिकतात. म्हणून आरशात काही दिसत नसतानाही आकडा वाढतो. आरसा बघणारा या टप्प्यावर सोडून देतो. वही बघणारा टिकण्याची शक्यता बरीच जास्त.

मुलगा म्हणाला, ‘या वयात बॉडी बनवणार का?’ बायकांनी वजनं उचलली की अंग पुरुषी होतं, हेही कुणीतरी ऐकवलंच. तसं होत नाही. वर्षानुवर्षं त्याच ध्येयाने घाम गाळणाऱ्यांनाही ते सोपं जात नाही. वयाचं म्हणाल, तर 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला होता. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, आणि पासष्टीनंतर तोल आणि ताकद दोन्हींसाठी तीन दिवस. नुसतं चालणं चांगलंच, पण त्याने ही जागा भरून निघत नाही.

तिसऱ्या महिन्यात वर्षअखेरीचं काम आलं आणि सलग तीन आठवडे वही कोरी राहिली. त्या आल्या तेव्हा चेहऱ्यावर जुनंच वाक्य होतं : ‘बघा, झालं की नाही तेच?’ व्यसनमुक्तीच्या कामात आम्हाला हा प्रसंग चांगला ओळखीचा आहे. ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की एका घोटाने माणसाचं जेवढं बिघडत नाही, तेवढं ‘आता सगळं संपलं, मी असाच’ या निष्कर्षाने बिघडतं. व्यायामाचंही तसंच आहे. तीन आठवड्यांच्या खंडाने कमावलेली ताकद फारशी जात नाही. मी म्हटलं, मंगळवारी एक पायरी खाली उतरून सुरू करा आणि चुकलेले दिवस भरून काढायला जाऊ नका. मंगळवारी आकडे जवळपास होते तिथेच निघाले, तेव्हा त्यांचा विश्वास बसला. माझ्या बोलण्याने बसला नव्हता.

जिमचा विषय त्यांनीच काढला. घरातली वजनं पुरेनाशी झाली होती. आम्ही एक सत्र निव्वळ तालमीत घालवलं. मी ट्रेनर झाले. ‘चला मॅडम, आज तुमच्या पायांना कामाला लावू या!’ असं मी दणक्यात म्हणायचं, आणि त्यांनी उत्तर द्यायचं, ‘मला कंबरेचा जुना त्रास आहे. आज मी हे चारच व्यायाम करणार आहे. तिसरा बरोबर होतोय का, तेवढं बघा.’ पहिल्यांदा म्हणताना शेवटचे शब्द ऐकूच आले नाहीत. दुसऱ्यांदा त्यांनी पुढे ‘चालेल ना?’ जोडलं. ते काढून टाकायला लावलं. मग ‘झालं का तुमचं?’चीही तालीम झाली. उत्तर : ‘अजून एक सेट आहे.’ हे म्हणताना त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी, वर्षाऐवजी एक महिन्याचीच फी भरून त्या जाऊ लागल्या. ट्रेनरने आराखड्याचा कागद पाहिला आणि ‘बरं’ म्हणाला. बस्स.

ज्या चिडचिडीसाठी त्या आल्या होत्या, तिचं काम अजून चालू आहे. वजनी व्यायामाने उदासीची लक्षणं काही प्रमाणात कमी होतात, हे 2018 साली 33 चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलंय. पण त्यांच्या घरातल्या कामाची वाटणी डंबेल्स करून देणार नाहीत. आणि काही जणांना मी व्यायाम वाढवायला सांगत नाही, उलट आवरायला सांगते : एक दिवस चुकला तर ज्यांना स्वतःला शिक्षा करावीशी वाटते, खाल्लेलं ‘फेडायला’ जे धावतात, त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आधी हाताळावा लागतो. या बाईंचा तसा नव्हता. गेल्या सत्रात त्यांनी मला विचारलं, डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलत सरळ उभं राहणं, कंबरेला चालेल का? मी त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवलंय.