डीटीएसला हात लावण्याआधी

भाऊ, दारव्ह्यात बसून लिनक्स कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचं) काम जमते का, विचारलं तुम्ही. जमते ना! फक्त कोडमधल्या बदलांचा अख्खा इतिहास उतरवू नका, तो काही जीबीचा आहे. शॅलो क्लोन (जुना इतिहास सोडून ताज्या कोडची प्रत) करा, मोबाइलच्या डेटावर भागते.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर कुठं आहे, ते कर्नलला सांगणारं वर्णन; त्याची लिहायची फाइल म्हणजे डीटीएस. त्यात सध्या एवढंच पाळा:

- नोडच्या (एकेका हार्डवेअरच्या नोंदीच्या) नावात @ नंतरचा पत्ता आणि आतल्या 'रेग' या गुणधर्मातला पहिला पत्ता एकच हवा. दुसऱ्या बोर्डाची फाइल कॉपी करून वर नावात १००१०००० असा नवा पत्ता टाकायचा आणि खाली 'रेग'मध्ये जुनाच ठेवायचा, हा नवख्यांचा हमखास घोळ.
- नोड पत्त्याच्या चढत्या क्रमाने. 'स्टेटस' (हार्डवेअर चालू की बंद) बाकी गुणधर्मांनंतर.
- 'कॉम्पॅटिबल' (हार्डवेअरची ओळख सांगणारा गुणधर्म) मधल्या नावाचं बाइंडिंग, म्हणजे त्याचा नोड कसा लिहायचा याचे नियम, हवंच. नसेल तर त्या नियमांच्या याम्ल फाइलचा पॅच (पाठवायचा बदल) वेगळा, आणि पॅचच्या मालिकेत आधी. रिव्ह्यूवाले इथंच सर्वात जास्त अडवतात, अन् बरोबर अडवतात.

पाठवण्याआधी 'डीटीबीएस_चेक' (बाइंडिंगच्या नियमांशी ताडून पाहणारी तपासणी) चालवा. सगळे बोर्ड तपासत बसाल तर लाइट जाईल बाप्पा; 'चेक_डीटीबीएस=वाय' देऊन आपली एकच डीटीबी (डीटीएसपासून कंपाइल होणारी फाइल) बांधा. जुन्या वॉर्निंग दिसतील, घाबरू नका. तुमच्या बदलाने नवी एकही यायला नको. ओव्हरलेच्या (मूळ ट्रीवर वरून बदल चढवणाऱ्या फाइलींच्या) नादी एवढ्यात लागू नका.