अमेरिकन अभिजात पुस्तकं मुळातून वाचावीत की नोट्सवर भागतं?

तुम्ही विचारलंय की एम.ए. इंग्रजीच्या अमेरिकन साहित्याच्या पेपरला मार्क ट्वेनचं ‘हकलबेरी फिन’, ‘द स्कार्लेट लेटर’ आणि ‘मोबी डिक’ नेमलेत, वर्गात सारांश आणि ‘थीम्स’ मिळतात, तर एवढी जुनी पुस्तकं मुळातून वाचून आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या हाती नेमकं काय लागतं? मी हाच पेपर गेल्या वर्षी दिला. तिन्ही जमली नाहीत तरी चालेल, पण ‘हकलबेरी फिन’ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचाच. त्यातली खरी गोष्ट सारांशात उतरतच नाही.

गोष्ट सांगणारा हक हा मिसुरीतला तेरा-चौदा वर्षांचा पोरगा. बाप दारुडा, मारकुटा, म्हणून तो घरातून पळालाय. जिम हा मिस वॉटसनचा गुलाम. आपल्याला आठशे डॉलरला खाली न्यू ऑर्लिन्सला विकणार आहेत हे कानावर पडल्यावर तोही पळालाय. दोघं तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून निघतात. कैरो या गावाशी ओहायो नदी येऊन मिळते, तिथून वर गेलं की गुलामी नसलेला मुलूख.

नोट्समध्ये लिहिलेलं असतं: ‘सदसद्विवेक विरुद्ध समाज’, ‘ट्वेनचा गुलामगिरीला विरोध’. चूक काहीच नाही त्यात. पण वाचताना लक्षात येतं ते वेगळंच. गुलामगिरी वाईट आहे, असं हकला संपूर्ण पुस्तकात एकदाही वाटत नाही. जिमला मदत करणं हे त्याच्या लेखी पाप आहे, चोरी आहे, आणि तो ते करतो. लेखक मध्ये येऊन ‘बघा, पोरगं चुकतंय’ असं कुठेही सांगत नाही. पुस्तक अमेरिकेत 1885 मध्ये आलं, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपून वीस वर्षं झाली होती. वाचणाऱ्याला जे ठाऊक आहे ते सांगणाऱ्याला ठाऊक नाही, आणि त्या दोन्हींमधलं अंतर प्रत्येक वाक्याला आपल्यालाच पार करावं लागतं. नोट्स ते आपल्या वतीने करून टाकतात, आणि मग वाचण्यासारखं काही उरतच नाही.

सोळावं प्रकरण बघा. कैरो जवळ आलंय या आनंदात जिम बोलत सुटलाय: पैसे साठवीन, बायकोला विकत घेईन, मग दोघं मिळून कष्ट करू आणि दोन्ही लेकरं सोडवू, मालकाने विकली नाहीत तर कोणाला तरी सांगून चोरून आणू. हे ऐकून हकच्या अंगावर काटा येतो, पण आपल्याला येतो त्या कारणाने नाही. त्याला वाटतं, ज्या माणसाने माझं काही वाकडं केलं नाही, त्याच्या मालकीची पोरं हा चोरायला निघालाय! बापाने स्वतःची मुलं ‘चोरायची’. मी ते वाक्य वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही. मग हक जिमला पकडून द्यायला होडी घेऊन निघतो. वाटेत बंदूकवाले दोघं भेटतात, पळालेले गुलाम शोधणारे. तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा, असं ते विचारतात. हकच्या तोंडून निघतं, गोरा. शिवाय तो अशा खुबीने बोलतो की तराफ्यावर देवीची साथ आहे असं त्यांना वाटावं. ते घाबरून लांबूनच वीस-वीस डॉलरची सोन्याची नाणी फळीवर ठेवून निघून जातात. आणि हक? आपण वाईट वागलो, आपल्याला चांगलं वागायला कधी जमणारच नाही, म्हणून तो खट्टू होतो.

बत्तिसाव्या प्रकरणातला एक संवाद जेमतेम दोन-तीन ओळींचा आहे. हक थाप मारतो की बोटीचं सिलिंडर फुटलं. हकचा दोस्त टॉम सॉयर याची सॅली मावशी काळजीने विचारते, कोणाला लागलं का? तो म्हणतो, नाही, एक काळा मेला. ती म्हणते, नशीब, कधी कधी माणसांना लागतं. ही बाई दुष्ट नाही. पोरांना पोटभर जेवू घालणारी, मायाळू आहे. पोरगाही दुष्ट नाही. म्हणून तर त्या ओळी जिव्हारी लागतात. माझ्या मते गुलामगिरीबद्दल या पुस्तकात याहून जास्त सांगणारी जागा नाही, आणि कुठल्याही गाईडमध्ये ती ‘उपरोध’ या एका शब्दात संपते.

आपल्याला काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मार्क ट्वेन 1896 मध्ये मुंबईला आला होता. तिथल्या हॉटेलात एका युरोपियन माणसाने नोकराला किरकोळ कारणावरून थोबाडीत मारली आणि नोकराने मुकाट सोसलं. पुढच्या वर्षी आलेल्या प्रवासवर्णनात ट्वेन लिहितो की असा प्रकार मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता, त्याने मला थेट बालपणात नेलं. पाठोपाठ त्याला मिसुरीतला एक प्रसंग आठवतो: तो दहा वर्षांचा असताना एका माणसाने चिडून गुलामाच्या डोक्यात लोखंडाच्या खनिजाचा दगड घातला होता, आणि तो गुलाम तासाभरात मेला. ‘हकलबेरी फिन’ नंतर लगेच ती पानं वाचली तर अमेरिका लांबची वाटत नाही.

आणि त्याआधीची गोष्ट. महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ 1873 ची, आणि ती त्यांनी अर्पण केली आहे अमेरिकेतल्या लोकांना, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. शाळेत आपण हे एका ओळीत पाठ करतो. अमेरिकन पेपर शिकताना ती अर्पणपत्रिका पुन्हा काढून वाचा. मला तरी तेव्हाच तिचं वजन कळलं. त्यासोबत गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं 1845 चं आत्मकथन घ्या, अभ्यासक्रमात नसलं तरी. लहानसं आहे, दोन संध्याकाळी पुरे होतात. मालकीणबाईंनी मुळाक्षरं शिकवायला घेतली आणि मालकाने ती बंद पाडली, तेव्हा हा पोरगा बाल्टिमोरच्या रस्त्यावर गोऱ्या गरीब मुलांना भाकरीचे तुकडे देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकला. जिम आपल्याला फक्त हकच्या नजरेतून दिसतो. डग्लस स्वतः बोलतो. हा फरक मी उत्तरपत्रिकेत मांडला होता आणि अजूनही मला तो महत्त्वाचा वाटतो.

शेवटच्या प्रकरणांबद्दल आधीच सावध करते. टॉम सॉयर येतो आणि पकडून कोंडलेल्या जिमला सोडवण्याचा पोरखेळ सुरू होतो: उंदीर, कोळी, दोराची शिडी... कादंबरीकार हेमिंग्वेने तर सांगूनच टाकलंय की त्याआधीच थांबा. मला राग आला, आणि सर्वांत जास्त हे कळल्यावर आला की मिस वॉटसनने मृत्युपत्रात जिमला दोन महिन्यांपूर्वीच मुक्त केलं होतं आणि टॉमला ते माहीत होतं. कायद्याने मोकळा झालेला माणूस गमतीखातर कोंडून ठेवलेला. काही समीक्षक यात यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेचं चित्र पाहतात, जिथे कागदावर स्वातंत्र्य मिळालं आणि प्रत्यक्षात हिरावलं गेलं. मला ते पटतं, पण राग काही गेला नाही. तरी ती प्रकरणं गाळू नका; प्रश्न हमखास त्यांच्यावरच येतो.

बाकीच्या दोन पुस्तकांचं थोडक्यात. ‘स्कार्लेट लेटर’च्या आधी कस्टम हाउसवरचा, म्हणजे जकात कचेरीवरचा, लांबलचक लेख आहे, तिथेच बहुतेकांचा दम तुटतो. तो शेवटी वाचा, नायिका हेस्टरच्या गोष्टीपासून सुरुवात करा. सेलममध्ये 1692 साली चेटकिणी ठरवून ज्यांच्यावर खटले चालवले, त्या खटल्यांत लेखक हॉथॉर्नचा एक पूर्वज न्यायाधीश होता, एवढं डोक्यात असू द्या. त्या लेखातली बोच मग कळते. ‘मोबी डिक’ची 135 प्रकरणं सेमिस्टरमध्ये नीट होणं अवघड. नेमलेली तेवढी वाचा आणि उरलेलं सुट्टीसाठी ठेवा, घाई केलीत तर त्याच्यावर अन्याय होईल.

जिमची बोली कागदावर अवघड दिसते. मोठ्याने वाचा, कानाला लगेच कळते. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पुस्तक फुकट आहे, लिब्रीव्हॉक्सवर ऐकायलाही मिळतं. एकूण 43 प्रकरणं, बहुतेक लहान. रोज दोन घेतलीत तर तीन आठवड्यांत होतील. नोट्स त्यानंतर उघडा. तोवर त्यांच्याशी भांडण्यासारखं तुमच्याकडे बरंच काही असेल.