नानांच्या पुठ्ठ्यातला मोर

पत्र

मावशी, मी वीस वर्षांची, सोलापूरची. मुंबईत चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा असेसमेंटला सरांनी माझं कॉम्पोझिशन बघून सगळ्यांसमोर विचारलं, "छान आहे, पण यात तू कुठे आहेस? तुझी प्रेरणा काय?" मला काही सुचेना. आधीच्या मुलीनं व्हॅन गॉग सांगितलं होतं, मीही तेच सांगून टाकलं. खरं म्हणजे मी फोनवर बघून बघून चित्रं काढते. बाकीच्यांकडे सांगायला काहीतरी असतं. कुणाचे आजोबा शिल्पकार, कुणी युरोपातली म्युझियम्स बघून आलंय, आणि सगळे इंग्रजीत छान बोलतात. माझ्या घरी कला अशी नाहीच. आम्ही घरात तेलुगू बोलतो, शाळा मराठी. नाना, म्हणजे माझे वडील, जेकार्ड मागाचे, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागाचे, पुठ्ठे पंच करतात. चादरीवरचा मोर आधी ग्राफवर चौकोन मोजून भरतात, मग पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. लहानपणी मी भोकांतून खाली पडलेल्या पुठ्ठ्याच्या टिकल्या गोळा करायचे आणि रद्द झालेला पुठ्ठा खिडकीत धरायचे. भिंतीवर उन्हाचे ठिपके पडायचे. तो मोराचाच एक तुकडा असायचा, पण मोर कुठे दिसायचा नाही. असो. मी चित्रकार आहे की नुसती नक्कल करणारी?

— गोंधळलेली

उत्तर

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा त्या "असो"पाशी अडकले. व्हॅन गॉगवर तू एक ओळ लिहिलीस, त्याचं एकही चित्र सांगितलं नाहीस. आणि घरी कला नाही असं म्हणून झाल्यावर पुढच्या चार ओळींत तू मला पुठ्ठा, खिडकी, ऊन, ठिपके असं सगळं डोळ्यांसमोर उभं करून दाखवलंस. मग लाज वाटल्यासारखं "असो" म्हणून ते झाकून टाकलंस. सरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या चार ओळींत होतं गं. तुला ते उत्तर वाटलं नाही, एवढंच.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासाठी मुलांकडून ठरावीक आकृत्या घोटून घेतल्या: छत्रीवाली बाई, पिशवीवाला माणूस, पाठमोरा मुलगा. बसथांबा आला की त्या तिघांना रांगेत उभं करायचं, बाजार आला की भाजीपुढे बसवायचं. मुलं पास झाली, चांगल्या ग्रेडही आल्या. पण आपल्या गावचा बाजार खरंच कसा दिसतो हे मी त्यांना क्वचितच विचारलं. तुझ्यासारखी मुलगी विसाव्या वर्षी "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही" म्हणते, त्यात आम्हा शिक्षकांचा वाटा आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुझा व्हॅन गॉग. तू त्याचं नाव घाबरून घेतलंस, पण माणूस नेमका निघाला. सूर्यफुलं आणि चांदण्या रात्री यायच्या कितीतरी आधी, १८८४ साली, तो नेदरलँड्समधल्या न्यूनेन या खेड्यात आईवडिलांकडे राहत होता. तिथले विणकर घरातच हातमाग चालवायचे. तो त्यांच्याकडे जाऊन बसायचा आणि मागाची चित्रं काढायचा. रेखाटनं केली, जलरंग केले, तैलचित्रं केली, एकाच विषयावर कितीतरी. काळपट तपकिरी रंग, खोलीभर पसरलेला लाकडी माग, आणि पिंजऱ्यात कोंबल्यासारखा आत बसलेला विणकर. आज रात्री फोनवर हीच चित्रं शोध आणि नीट बघ. तो माग त्यानं बाहेरून बघितलाय. पाहुण्यासारखा, फार आस्थेनं, तरी बाहेरूनच. तू मागाच्याच आवाजात झोपलीस, उठलीस, अभ्यास केलास. ग्राफवरचा एक चौकोन चुकला तर नानांचा चेहरा कसा होतो हे तुला ठाऊक आहे. ते त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

नकलेचंही त्याच्याकडूनच ऐक. १८८७ साली पॅरिसमध्ये त्यानं हिरोशिगेच्या जपानी छापचित्रांवरून तैलरंगात नकला केल्या. पुढे सेंट-रेमीच्या रुग्णालयात असताना मिले या फ्रेंच चित्रकाराची शेतकऱ्यांची चित्रं समोर ठेवून वीसेक कॅनव्हास रंगवले. समोरची छापचित्रं होती काळी-पांढरी, रंग सगळे त्याचे स्वतःचे. तेव्हा बघून काढणं हा गुन्हा नाही. मी तुला विचारीन ते एवढंच, की बघून काढताना तू त्यात स्वतःचं काय घातलंस? काहीच घातलं नसेल तर ते चित्र सरावाच्या वहीत ठेव, असेसमेंटला नेऊ नकोस.

आणि घरी कला नाही हे पुन्हा म्हणू नकोस. चित्रकार प्रभाकर बर्वे विणकर सेवा केंद्रात, म्हणजे हातमागाच्या कापडासाठी डिझाइनं करणाऱ्या सरकारी केंद्रात, नोकरी करत होते. साठच्या दशकात काही वर्षं वाराणसीत होते, मग मुंबईच्या केंद्रात. अकोल्याचे अंबादासही विणकर सेवा केंद्रातच होते. आपल्याकडचे इतके मोठे चित्रकार कापडाच्या डिझाइनवर पोट भरत होते, आणि त्यामुळे त्यांचं काही कमी झालं नाही. बर्व्यांच्या चित्रांत बघ, घड्याळ, पान, शिंपला, अशा साध्या वस्तू. तुझ्या भाषेच्या काळजीवरही त्यांचंच नाव सांगते. 'कोरा कॅनव्हास' हे चित्रविचाराचं पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. कॉलेजच्या लायब्ररीत मिळेल, जरूर वाच. पुढच्या वेळी मराठीतच बोल. शब्द अडला तर तेलुगू शब्द वापर आणि त्याचा अर्थ सांग.

मात्र एक सांभाळ. हे वाचून उद्यापासून "मी विणकरांच्या गावची" अशी पाटी गळ्यात घालू नकोस. सोलापूरची मुलगी म्हणून माग, कोकणातला म्हणून होडी, असं झालं की ती पुन्हा घोटलेली छत्रीवाली बाईच. मागाचं चित्र कदाचित तुला काढायचंही नसेल. मला तुझ्या पत्रात वेगळंच काहीतरी दिसलं: वस्तू तिथे आहे, पण ओळखू येत नाही. एका पुठ्ठ्यावर मोराची एकच आडवी ओळ असते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि असे शेकडो पुठ्ठे फिरल्यावर कुठे मोर दिसायला लागतो. लहानपणी तू भिंतीवर त्यातली एक ओळ बघत होतीस, आणि तो मोरच आहे हे तुला पक्कं माहीत होतं. वर्गातल्या कुणाकडे हे असेल असं मला वाटत नाही.

तर आधी रंगांना हात न लावता एक पुठ्ठा समोर ठेव आणि चारकोलनं त्याची सावली काढ. फक्त सावली. सकाळची, दुपारची, संध्याकाळी भिंतीवर लांबलेली. दहा-बारा कागद वाया जाऊ देत. महिनाभरानं कंटाळा आला तर खुशाल सोडून दे, तेही कळणं कामाचंच. पण हात आपणहून तिथेच वळायला लागला, तर सरांना ते कागद दाखव. सांगायचं काय ते तेव्हा आपोआप सुचेल. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं ते मला आवडलं नाही, पण प्रश्न त्यांनी मनापासून विचारलाय असं वाटतं. दुसऱ्या वर्षाला त्याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं. तुझ्या आधी व्हॅन गॉग सांगणाऱ्या त्या मुलीकडेही नसणार. जमलं तर तिच्याशी बोल.

दिवाळीत घरी जाशील तेव्हा नानांकडून तो मोराचा ग्राफ मागून घे. किती पुठ्ठ्यांचा मोर होता तेही विचार आणि मला कळव.

— तुझी मावशी