सोलापुरात रोजच्या वापराला आणि शेतावर न्यायला पहिलं हत्यार कोणतं घ्यावं: घडीचा चाकू की मल्टिटूल?

एकच घेणार असाल तर पक्कड असलेला मल्टिटूल, म्हणजे पातं, पक्कड अशी अनेक हत्यारं एकातच घडी होणारं अवजार, घ्या. शेतावर मोटरची वायर, कुंपणाची तार, ठिबकची नळी ही कामं रोजची. तिथे नुसतं पातं अपुरं पडतं. पातं स्टेनलेसचंच बघा. कार्बन स्टीलला धार झटकन लागते, पण डाळिंब-लिंबाचा रस लागून तसंच राहिलं की डाग आणि गंज धरतो. पातं उघडल्यावर लॉक होतं ना, हे दुकानातच तपासा; बोटं त्यावरच वाचतात. मात्र लाकूड फोडायला मल्टिटूल वापरू नका, बिजागरी ढिली होते. त्याला कोयताच हवा. संग्रह वाढवताना एक ध्यानात ठेवा: घरगुती किंवा शेतीची अवजारं सोडून ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र नियम, २०१६ मध्ये मोडतात.