घर आपलं, हीटर आपला. तरी परवाना लागतो?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये, राउंड रॉकला राहतो. गॅसचा वॉटर हीटर खालून गळतोय. शेजारी म्हणतो, घरमालकाला प्लंबिंगचा परवाना लागत नाही, स्वतःच बदल. मेहुणाही मदतीला तयार आहे. शिवाय भाड्याने दिलेल्या घरातलाही हीटर जुना झालाय. तिथे ओळखीच्या अपार्टमेंटमधला मेंटेनन्सवाला रविवारी येऊन बसवून देतो म्हणतो. चालेल का?

उत्तर : शेजाऱ्याचं अर्धंच खरं. राज्याच्या प्लंबिंग कायद्यात, म्हणजे ऑक्युपेशन्स कोडच्या 1301 व्या प्रकरणात, मालकाला स्वतःच्या राहत्या घरात परवान्याशिवाय काम करायची मुभा आहे. भाड्याचं घर तुमच्या नावावर असलं तरी तुम्ही तिथे राहत नाही, तेव्हा तिथे परवानाधारकच बोलवा. मेहुण्यांना टॉर्च धरू द्या, पाना तुमच्याच हातात हवा. सवलत मालकाला आहे, पाहुण्यांना नाही.

परवाना माफ झाला म्हणून परमिट, म्हणजे त्या एका कामापुरती शहराची परवानगी, माफ होत नाही. ते शहराचं खातं. जुना हीटर काढण्याआधी इमारत विभागाला फोन करून विचारा.

आता तो मेंटेनन्सवाला. कायद्यात त्यालाही सूट आहे, पण नोकरी करतो त्या मालकाच्या जागेपुरती. चार पैसे घेऊन बाहेरची कामं केली की सूट संपली. आणि गंमत म्हणजे, तो नोकरी करतो त्या अपार्टमेंटमध्येसुद्धा त्याला गॅसची लाइन कापता येत नाही, गॅसचा नवा हीटर बसवता येत नाही. तुम्ही त्याला नेमकं तेच काम देताय!

माझं मत विचाराल तर नळ, कमोडच्या टाकीतली रबरी झडप (फ्लॅपर) खुशाल घरी करा, गॅसचा हीटर नको. धुराडं नीट बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, आणि त्याला वास नसतो. सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप ठिबकतो म्हणून लोक त्याच्या तोंडाला बूच मारतात. मग टाकीत दाब वाढला की सुटायला वाटच नाही. असं बूच दिसलं की मी बाकीचं बोलणं थांबवून आधी ते काढायला लावतो.

प्लंबर दारात आला की आधी त्याची गाडी बघा. टेक्सासमध्ये गाडीच्या दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव आणि तिच्या कामाची जबाबदारी घेणाऱ्या मास्टर प्लंबरचा परवाना क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक राज्याच्या प्लंबिंग बोर्डाच्या वेबसाइटवर टाकून बघा, मगच आत घ्या.