सातवीतल्या मुलीला कर्तबगार स्त्रियांवरचं काय वाचायला द्यावं?
ताई, मुलगी मराठी माध्यमात आहे म्हणता, तर ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रापासूनच सुरुवात करा. अख्खं पुस्तक हातात देऊ नका, लक्ष्मीबाई टिळकांच्या बालपणाची दोन-दोन पानं रोज मोठ्याने वाचा. वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग ऐकून माझी भाची पोट धरून हसली, मग एकदम गप्प झाली. म्हणाली, ‘मावशी, तिला शाळेत का नाही घातलं?’ पुढचा तासभर आम्ही त्यावरच बोललो.

नंतर मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा १८५५ चा निबंध. फुले दांपत्याच्या शाळेतली, जेमतेम चौदा वर्षांची पोर ती! अवघड शब्द तुम्ही समजावा.

कित्तूरच्या राणी चन्नम्माची गावं मात्र आधी प्रत्यक्ष दाखवा. काकती तिचं माहेर, बेळगावला लागूनच. १८२४ ला तिने इंग्रजांना हरवलं ते कित्तूरही जवळच. शेजारची कन्नड मैत्रीणही सोबत न्या.