डॅलस का म्युनिक, आणि लेकरांना घरी शिकवायचं का शाळेत घालायचं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नवऱ्याला दोन ऑफर आहेत, डॅलस नाहीतर म्युनिक, जानेवारीत नांदेड सोडायचं, मोठी आठ वर्षांची मराठी मिडियमची, धाकटा पाच वर्षांचा, आणि वर्षाच्या मधीच इंग्रजी शाळेत टाकण्यापेक्षा ऑगस्टपर्यंत घरीच शिकवावं म्हणता, त्यासाठी नवीन वर्षात घरी काय काय करता येईल हे विचारायलात. मी लातूरची, आता डॅलसच्या बाजूला राहते, लेकरांना काही काळ घरी शिकवलंय, म्हणून जरा लांबलचकच लिहिते.

म्युनिक ठरलं तर होमस्कूलिंगचं डोक्यातूनच काढून टाका. जर्मनीत लेकराला शाळेत पाठवणं सक्तीचं आहे, घरी शिकवतो म्हणलं तर दंड होतो. तिथलंच एक कुटुंब ह्यावरून युरोपच्या मानवाधिकार कोर्टापर्यंत गेलं होतं, २००६ मधी कोर्टानं त्यांची तक्रार दाखलच करून घेतली नाही.

डॅलस अमेरिकेच्या टेक्सास राज्यात येतं, तिथं एकदम उलटं. नोंदणी नाही, परवानगी नाही, तपासायला कुणी येत नाही. वाचन, स्पेलिंग, ग्रामर, गणित आणि नागरिकशास्त्र असे पाच विषय पुस्तकातून नाहीतर ऑनलाइन कोर्समधून मनापासून शिकवायचे, झालं. शाळेची सक्ती सहा वर्षांपासून, म्हणजे धाकट्याचं सध्या टेन्शनच नाही. पण एकदा सरकारी शाळेत नाव घातलं आणि मग काढलं तर शाळेला लिहून द्या, नाहीतर गैरहजेरीची पत्रं सुरू होतात. आणि हे फक्त टेक्सासचं हं, उद्या प्रोजेक्ट बदलून न्यूयॉर्कला गेलात तर तिथं वर्षाचा प्लॅन, दर तीन महिन्यांनी रिपोर्ट, सगळं लिहून द्यावं लागतं.

आता माझं स्पष्ट मत. पोरीला इंग्रजी येत नाही ह्या भीतीनं घरी ठेवणार असाल तर ठेवू नका. सरकारी शाळा फुकट आहे, जानेवारीत पण घेतात, इंग्रजी न येणाऱ्या लेकरांना वेगळं शिकवतात आणि व्हिसा कुठला हे शाळेनं विचारायचंच नसतं, टेक्सासच्याच एका केसमधी सुप्रीम कोर्टानं १९८२ ला सांगितलंय की कागदपत्रं नसलेल्या लेकरांनाही शाळा नाकारता येत नाही. घराच्या पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला, लसीचं कार्ड, एवढं पुरतं. लसीवरून आठवलं, कांजण्या आणि हिपॅटायटिस ए ह्या दोन लसी आपल्या सरकारी लसीकरणात नसतात आणि इथल्या शाळेला लागतात, तिथंच डॉक्टरकडून देऊन, शिक्का मारून घ्या.

पण नवा देश नीट बघायला मिळावा, लेकरांसोबत वेळ मिळावा म्हणून घरी शिकवणार असाल तर खुशाल शिकवा, चार-सहा महिने मस्त जातात. फक्त घरात शाळा भरवू नका. सकाळी दीड-दोन तास गणित आन वाचन, लई झालं. पत्त्याचा पुरावा हातात आला की पहिल्या आठवड्यातच लायब्ररीचं कार्ड काढा, फुकट असतं, पिशवीभर पुस्तकं आणता येतात, लहान लेकरांना गोष्टी वाचून दाखवायचा तास असतो, इंग्रजी तिथंच कानावर पडतं, ट्यूशनची गरज नाही. मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं पीडीएफ मधी फुकट मिळतात, तरी छापील एक-एक सेट बॅगेत टाकाच, लेकरं स्क्रीनवर धडा वाचत नाहीत.

बाकी शिकवायला इथली जमीनच पुरेशी आहे. डॅलस ज्या पट्ट्यात आहे तिथं आपल्यासारखीच काळी चिकणमाती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. घराचा पाया हलू नये म्हणून इथं लोक पायाच्या कडेनं पाइप टाकून मातीला पाणी देतात, आमचे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ बघत उभे राहिले, म्हणले, पीक कुठंय? तर काचेच्या बरणीत ही माती, पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या, वाळू लगेच खाली बसते, चिकणमाती दिवस-दिवस गढूळ राहते, पोरगी रोज पट्टीनं मोजून वहीत लिहील. मग इथला पांढरा दगड घ्या, त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका, बुडबुडे येतात, कारण तो चुनखडीचा, जुन्या समुद्राच्या तळाचा. येताना नांदेडचा एक काळा दगड घासूनपुसून, धुऊन आणा (माती बिलकुल नको, ती आणायला बंदी आहे), त्यावर तेच करून बघा, काहीच होत नाही, तो लाव्ह्याचा. दोन जागी काळी माती, पण तिच्या खालचा दगड पार वेगळा. ह्यात आठ वर्षांच्या लेकराचं महिनाभराचं सायन्स होतं.

ह्याच्याच पुढं डायनासोर व्हॅली स्टेट पार्क, ग्लेन रोजला, गाडीनं दीड-दोन तास. नदीच्या पात्रात डायनासोरच्या खऱ्या पाऊलखुणा आहेत, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीच्या, आणि आपल्याकडचा काळा दगड साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे ती पावलं उमटली तेव्हा नांदेडचा दगड तयारच व्हायचा होता! बारा वर्षांपर्यंतच्या लेकरांना प्रवेश फुकट. नदीला पाणी जास्त असलं तर काही दिसत नाही, तेवढं बघून जा.

इतिहासाला भिंतीवर लांब कागद चिकटवा, वर टेक्सास, खाली मराठवाडा. इथल्या लोकांना फार अभिमान की १८३६ ते १८४५ टेक्सास वेगळा देश होता. खाली लिहा की १९४७ ला देश स्वतंत्र झाला तरी आपण निजामाकडेच होतो, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्या काळातलं आजी-आजोबांनी काय ऐकलंय ते पोरीनं फोनवर विचारायचं आणि लिहायचं. फोनचंही गणित आहे बरं का, हिवाळ्यात इथं सकाळचे साडेसात म्हणजे तिकडं संध्याकाळचे सात, मार्चमधी इथं सगळे घड्याळ तासभर पुढं करतात, मग इथल्या साडेसातला तिकडं सहाच वाजलेले असतात, हे तिलाच काढू द्या.

आणि येळवस (वेळ अमावस्या, आपल्याकडं शेतात जाऊन पूजा करून जेवायचा सण) सोडू नका. ती डिसेंबर-जानेवारीतच येते, थंडी असते, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे डब्यात घेऊन जवळच्या पार्कात जायचं, आसपासच्या दोन-चार मराठी घरांना बोलवायचं. ज्वारी-बाजरीचं पीठ इंडियन स्टोअरमधी मिळतं. आमच्याकडं तर तमिळ शेजारीण पण येते, तिला आंबील लई आवडते.

एक सावध करते. तुम्ही एच-४ वर (एच-१बी ह्या वर्क व्हिसावाल्याच्या बायकोला मिळणारा व्हिसा) येणार, वर्क परमिट नसेल तर स्वतःची लेकरं शिकवा, चार आया मिळून आळीपाळीनं शिकवा, पण दुसऱ्याच्या लेकराची फी घेऊ नका, ते काम धरलं जातं.

परत जायचं मनात असेल तर वह्या, पुस्तकांची यादी, फोटो तारखेनिशी एका फाइलीत ठेवा, शिक्षण हक्क कायद्यानं तिकडं चौदा वर्षांपर्यंत वयाप्रमाणे वर्ग मिळतो, पण फाइल दाखवली की हेडमास्तर कमी कटकट करतात. आणि पोरीच्या आताच्या शाळेतून दाखला निघायच्या आधी घ्या, मागून नातेवाइकांना चकरा मारायला लावू नका.

म्युनिकच ठरलं तर कळवा, माझी नणंद तिकडं आहे, किंडरगार्टनची जागा कशी मिळवायची ते तिला विचारून सांगते.